तिघांचे १.५१ आणि एकीचे १.६५

म्हणण्याची पद्धत आहे म्हणून मी तुम्हाला मित्रांनो म्हणतो. खरे सांगायचे तर तुमच्यापैकी फार थोडे माझे मित्र होते. माझ्या नळीला डोळा लावून बसण्याचे नाटक पुष्कळांनी केले. बघितले मात्र थोड्यांनीच. हे मी रागाने म्हणतो आहे, आणि हा राग मला शोभतो की नाही, याची मला खात्री नाही.

मी वर्णपटमापक आहे. विद्यार्थी मला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. माझ्या बिडाच्या बैठकीवर पांढऱ्या रंगात ‘भौ/१४’ असे लिहिले आहे. सध्या माझा मुक्काम जव्हारच्या एका महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत आहे. एका बाजूला तीन पायांची स्टुले आणि दुसऱ्या बाजूला जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आहेत. माझ्या गळ्यात सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर ‘नादुरुस्त’ असा शब्द आणि खाली सही आहे. मित्रांनो, ही चिठ्ठी खोटी आहे. ती माझ्या गळ्यात कशी आली तेवढे ऐकून घ्या.

तीस वर्षांपूर्वी अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी रचना साधी आहे. मध्ये एक गोल मेज असते. त्यावर काचेचा तीन बाजूंचा लोलक ठेवतात. एका बाजूच्या नळीला बारीक फट असते, तिच्यातून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश आत येतो. दुसऱ्या बाजूला दुर्बीण असते. लोलकातून जाताना प्रकाश वाकतो, तो किती अंशांनी वाकला ते माझ्या गोल पट्टीवर वाचायचे आणि त्यावरून त्या काचेचा अपवर्तनांक काढायचा. माझ्या लोलकाचा अपवर्तनांक १.५१ होता. हा आकडा लक्षात ठेवा. प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवला होता, आणि सगळे दुःख तिथूनच सुरू झाले.

मी आलो तेव्हा माझे कौतुक झाले. विभागप्रमुख भास्कर सर त्या वेळी तरुण होते. एकदा ते म्हणाले, “हे नाजूक यंत्र आहे. मुलांनी जपून हाताळा. मुलींनी रीडिंग लिहून घ्या, मुलींचं अक्षर चांगलं असतं.” नियम म्हणून ते बोलले नसतील. पण त्या दिवसापासून चौघांच्या गटात दोन मुलगे माझ्यापाशी आणि दोन मुली टेबलाच्या टोकाला वही घेऊन, अशी जी मांडणी झाली ती कोणी मोडली नाही. मुलगा आकडा सांगे आणि मुलगी तो लिही. मुलींच्या किती तुकड्या माझ्यापासून चार फुटांवर उभ्या राहून पदवीधर झाल्या, ते मी मोजलेले नाही.

एक कबुली इथेच देतो. मला त्याचे काही वाटत नसे. मुलांच्या हातात आपण शोभतो असेच मलाही वाटत होते. एखादी मुलगी जवळ आली की हिच्या हातून आपण पडणार, अशी भीती मला वाटे. प्रत्यक्षात दोनदा पडलो, दोन्ही वेळा मुलांच्या हातून. तरी भीती मुलींचीच.

पुढे पुढे मुलांनीही बघणे सोडले. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल आणायचे, १.५१ या उत्तरापासून उलटे गणित करत कोनापर्यंत यायचे आणि एक-दोन मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या एक-दोन साठांशांचा, फरक ठेवून आकडे भरायचे. मुली ते सुवाच्य अक्षरात लिहीत. सर सही करत. पुष्पाताई तेवढ्या दर शनिवारी माझा लोलक काढून मऊ फडक्याने पुसत. पुष्पाताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. नवऱ्यामागे त्याच्या जागेवर लागल्या. स्क्रूला हात लावायचा नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती.

चैती दुसऱ्या वर्षाला आली तेव्हाची गोष्ट. ती मोखाड्यापलीकडची, सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात सरांनी प्रकाशाच्या वाकण्याचे घरातले उदाहरण विचारले, तेव्हा ही उभी राहिली.

“सर, आमचेकडं विहिरीत पाणी वरून तीन हात खोल दिसतं. पण दोर पाण्यात चार हात जातो. आई आधीच चार हाताचा दोर धरते.”

“आणि उन्हाळ्यात?” मागून ऋत्विकने विचारले. त्याच्या वडिलांचे जव्हारात हार्डवेअरचे दुकान आहे, आणि वर्गात कुणाला किती बोलू द्यायचे ते तोच ठरवत असे.

“उन्हाळ्यात तळ दिसतो तिथंच असतो,” चैती म्हणाली. “पाणीच नसतं.”

“सर, हिला विहिरीचं प्रॅक्टिकल द्या.”

वर्ग हसला. सरही हसले आणि पुढे निघाले. चाराला तीनने भागले की पाण्याचा अपवर्तनांक येतो आणि पुस्तकात पुढच्याच पानावर तो छापलेला आहे, हे त्यांनी तिला सांगितले नाही. त्या दिवसापासून चैतीचे नाव ‘विहीर’ पडले. “ए विहीर, स्टूल दे.” “ए विहीर, वही पुढं सरकव.” तिने कधी उलट उत्तर दिले नाही. उलट उत्तर न देणाऱ्याला लोक काय समजतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही कधी दिले नाही.

सप्टेंबरात विद्यापीठातून एक बाई आल्या. भौतिकशास्त्र शिकण्याकडे मुलगे कसे पाहतात आणि मुली कशा, याची त्या पाहणी करत होत्या. प्रत्येकाला तीस विधानांचा कागद मिळाला. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत अशा पाच चौकटी होत्या.

“मुलींनो, चांगलं भरा,” सर म्हणाले. “कॉलेजचं नाव जाणार आहे.”

“सर, ह्यांचं फिजिक्स पाठांतराचं,” ऋत्विक म्हणाला. “तशी चौकट आहे का बघतो.”

चैतीची गटातली जोडीदार किमया. तिचे वडील मोखाड्याच्या तहसील कचेरीत कारकून. तिने तीसही ठिकाणी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली आणि पेनाचे टोपण लावले. चैती मात्र सतराव्या विधानावर अडली. ‘उपकरणे हाताळताना मला आत्मविश्वास वाटतो.’ तिने पाचही चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि कडेला लिहिले, ‘हाताळलं नाही.’

बाईंनी कागद गोळा करताना ते वाचले. “दुसरं वर्ष आलं, आणि एकदाही नाही?”

“मी लिहिते, मॅडम. अक्षर बरं आहे.”

“आमच्या मुलींची जर्नल्स बघाच तुम्ही,” सर कौतुकाने म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि कागदांचा गठ्ठा पिशवीत घालून गेल्या. त्या गठ्ठ्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. पण सतरावे विधान चैतीच्या मनात राहिले असावे. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“सर ओरडतील का, पुष्पाताई?”

“सर जेवायला घरी जातात. सव्वादोनपर्यंत तू आणि तो. लाव हात.”

“मोडलं तर?”

“मोडायला तो काय पापड आहे? इतक्या पोरांनी पिळलाय त्याला. तू काय वेगळं करणार?”

मित्रांनो, माझा एक स्क्रू गंजला होता. तो तिला फिरेना. तिला मदत करणे माझ्या हाती नव्हते, तसे अडवणेही नव्हते. पण ती अडली याचा मला आनंद झाला. जमत नाही ना, मग जा टेबलाच्या टोकाला, असे मी मनात म्हणालो. आजवर कोणाला मी हे सांगितले नव्हते.

ती गेली नाही. पुष्पाताईंनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. तिसऱ्या दिवशी तिला पिवळी रेषा सापडली. आता माझ्या प्रयोगातली खरी गंमत ऐका. मेज हळूहळू फिरवले की ती रेषा एका दिशेने चालू लागते. चालता चालता एका जागी थबकते आणि मेज त्याच दिशेने फिरत असूनही मागे वळते. ती थबकण्याची जागा पकडणे, एवढाच माझा सगळा प्रयोग.

“थांबली,” चैती पुटपुटली. मग म्हणाली, “मागं फिरली.” तिचा श्वास माझ्या नळीवर आला. कित्येक वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता, कारण ती थांबते हे कुणी पाहिलेच नव्हते. त्या दिवसापासून मी तिच्या बाजूचा झालो. उशीर झाला, पण झालो.

आठवडाभराने तिचे उत्तर आले, १.५१. तिने ते किमयाला दाखवले.

“मग? सगळ्यांचंच तेवढं येतं,” किमया म्हणाली.

“सगळ्यांचं लिहिलेलं असतं. माझं आलं.”

किमयाला ते लागले. ती दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

एप्रिलात दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सरांनी सांगून ठेवले होते की प्रात्यक्षिकात नापास होईल त्याला तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र मिळणार नाही. चैतीला भौतिकशास्त्रच हवे होते. तिचे वडील लाडक्या एकदा तिला भेटायला आले होते. व्हरांड्यात उभे राहून ते म्हणाले होते, “नापास झालीस तर नको ताणू. भिवंडीला मामा गोदामात लावून देल.” ते प्रेमाने बोलले, म्हणून तिला तोडून उत्तर देता आले नाही.

परीक्षेच्या आठवडाभर आधी, चैती गावी गेली असताना, ऋत्विक मोबाइल घेऊन प्रयोगशाळेत आला. त्याला भिंतीवर इंद्रधनुष्य पाडून त्याचा व्हिडिओ करायचा होता. त्याने माझा लोलक उन्हात धरला. तो हातातून सुटला आणि फरशीवर पडून आडवा दुभंगला. दारात किमया उभी होती, जर्नलवर सही घ्यायला आलेली.

“तू काही पाहिलं नाहीस,” ऋत्विक म्हणाला. “तुझं जर्नल कुणाचं बघून लिहिलंय ते मी बोललो का कधी?”

किमयाने जर्नल पाठीमागे धरले. ऋत्विकने कपाटातून धुळीने भरलेली एक लाकडी पेटी काढली. तिच्यावर ‘फ्लिंट’ असे, एका जड काचेचे नाव लिहिले होते. आत तेवढ्याच आकाराचा दुसरा लोलक होता. जुन्या अभ्यासक्रमात कधीतरी लागत असे. तो त्याने माझ्या मेजावर ठेवला.

“हा तोच नाही ना पण,” किमया म्हणाली.

“काच ती काच.”

दोन वर्षे भौतिकशास्त्र शिकलेला, माझ्यापाशी उभे राहण्याचा हक्क असलेला मुलगा हे बोलला. माझ्या मेजावर काच ठेवतात ती एक काच दुसरीपेक्षा वेगळी किती, हे पाहण्यासाठी. तो निघून गेला. किमयाने मोठा तुकडा उचलून रुमालात गुंडाळला. का उचलला, ते तिला त्या वेळी सांगता आले नसते.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या काढल्या. माझा प्रयोग चौघांना आला. पहिला ऋत्विक. तो दहा मिनिटे बसला, १.५१ लिहून उठला. दुसरा साखरशेतचा कमलेश. त्याला रेषा सापडेना. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि १.५१ लिहिले. तिसरी किमया. दिलेला सगळा वेळ ती दुर्बिणीला डोळा लावून बसली. एकही स्क्रू तिने फिरवला नाही. लोलक बदलल्याचे तिला माहीत होते. तिनेही १.५१ लिहिले.

चौथी चैती. तिने मेज फिरवले. रेषा चालू लागली आणि ओळखीच्या जागेपर्यंत आलीच नाही. खूप अलीकडूनच वळली. चैती गोंधळली. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळे लावले. रेषा पुन्हा तेवढ्याच अलीकडे थांबली आणि वळली. पूर्वी अडतीस अंश यायचे, आता एक्कावन्न येत होते. उत्तर १.६५.

तिने तीनदा केले. तिन्ही वेळा तेच. शेवटच्या खेपेला मला माझाच संशय येऊ लागला. मी म्हातारा झालो आहे, माझेच काही सरकले असेल, असे वाटले. ज्याला कित्येक वर्षे कुणी विचारले नाही, त्याला आपण खरे बोलतो आहोत हे चटकन पटत नाही.

सर आले. त्यांनी कागद पाहिला. “एक पॉइंट सहा पाच? सकाळपासून तिघांचं एक पॉइंट पाच एक आलंय. तुझंच बरं वेगळं?”

“तीनदा घेतलं, सर. हेच येतं.”

“हात सरकला असेल तुझा. हे खोड. पाच एक लिही, अडतीसच्या आसपास रीडिंग घाल. मी पास करतो.”

हे दयेनेच बोलले गेले, हे मी नाकारत नाही. चैतीने खोडरबर उचलला. भिवंडीचे गोदाम तिला दिसले असेल. मग तिने तो खाली ठेवला.

“मला ते दिसलं नाही, सर. दिसलं ते लिहिलंय.”

तेव्हा चहाचे पेले उचलणाऱ्या पुष्पाताई म्हणाल्या, “सर, काच बदललीय वाटतं. शनिवारी पुसताना हाताला जड लागली.”

“पुष्पाताई, तुम्ही चहाचं बघा.”

इतक्या वर्षांच्या शनिवारांचे वजन एका वाक्यात उडाले. किमया शेवटच्या बाकावर जर्नल चाळत होती. तिने मान वर केली नाही.

“सर, तुम्ही एकदा बघा,” चैती म्हणाली.

सर वाकले. किती वर्षांनी, ते तेच जाणोत. त्यांचा चष्मा माझ्या नळीला टेकला. त्यांनी मेज फिरवले. रेषा चालली, थांबली, वळली. त्यांनी मोबाइलच्या उजेडात माझी पट्टी वाचली. मग पुन्हा वाचली. त्यांना एक्कावन्न दिसले, मित्रांनो. मी शपथेवर सांगतो. ते सरळ झाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

“यंत्र बिघडलंय,” ते म्हणाले.

“मग सकाळी तिघांना बरं दिसलं?”

“तू फार बोलतेस.”

त्यांनी तिला उरलेल्या चाळीस मिनिटांत लंबकाचा प्रयोग दिला. ती पन्नासपैकी बावीस गुणांनी पास झाली. त्या तिघांना चाळिशीच्या वर मिळाले. माझ्या गळ्यात ही चिठ्ठी आली. एका माणसाला ‘माझे चुकले’ म्हणावे लागू नये म्हणून मला अडगळीत टाकले गेले. हे मी विसरणार नाही. गंज चढेल, बुरशी येईल, तरी विसरणार नाही.

चैतीला तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र मिळाले. ऑगस्टातल्या एका दुपारी पुष्पाताईंनी या खोलीचे कुलूप काढले. चैतीने माझ्यावरची धूळ झटकली, भिंगावरची बुरशी फडक्याने टिपली आणि सोडियमचा दिवा लावला. माझ्या मेजावर अजून तोच जड लोलक होता. तिने रीडिंग घेतले आणि वहीत लिहिले. तेवढ्यात दारात किमया आली. तिने रुमाल उलगडून समोर ठेवला.

“हा जुना. ऋत्विकनं पाडला. मी तिथंच होते.”

चैतीने तुकडा हातात घेतला. मग दुसऱ्या हातात दुसरा लोलक घेऊन दोन्हींचे वजन पाहिले. “परीक्षेच्या आधी?”

“आठ दिवस आधी.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“नाही.”

किमयाने रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. “रडू नको हां इथं,” चैती म्हणाली. “काचेवर डाग पडतील.” तिने तुकडा मेजावर ठेवला. वरचा अर्धा भाग शाबूत होता, प्रकाशाला तेवढा पुरे. ती स्टुलावरून उठली. “बस.”

“मी?”

“तू घे रीडिंग. आज मी लिहिते.”

किमयाने स्क्रूला असा हात लावला जणू मी चावणार होतो. तिला रेषा सापडायला अर्धा तास लागला. सापडली, हरवली, पुन्हा सापडली. चैतीने एकदाही हात पुढे केला नाही. मदत करावी इतकी ती अजून विरघळली नव्हती, आणि मला ते योग्य वाटले.

“थांबली बहुतेक,” किमया म्हणाली. “तू जुन्यावर घेतलेलंस तेव्हा किती आलं होतं?”

चैतीने वहीवर हात ठेवला. “माझं नको विचारू. तुला काय दिसतं ते सांग.”

किमयाने पट्टी वाचली, चुकली, पुन्हा वाचली आणि चाचरत आकडा सांगितला. चैतीने वजाबाकी केली. अडतीस अंश चार मिनिटे. कुणाच्याही जर्नलात तेवढी मिनिटे नव्हती.

त्या दोघींनी एकाच कागदावर दोन्ही लोलकांची रीडिंग आणि दोन्ही उत्तरे लिहिली, खाली सह्या केल्या आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला. पुष्पाताई सांगतात की महिना झाला, तो पेपरवेटखाली तसाच आहे. सर रोज तो उचलतात, खालची हजेरी काढतात आणि परत ठेवतात.

म्हणून मी अजून इथेच आहे, मित्रांनो. मला पुसा, तेल घाला, उघड्यावर ठेवू नका, असे कळवळून सांगण्याचा माझ्यासारख्यांचा रिवाज आहे. तेही करा. पण त्याआधी तुमच्या प्रयोगशाळेत जा आणि टेबलाच्या टोकाला वही घेऊन कोण उभे आहे ते पाहा. तिच्या हातातली वही घ्या आणि स्टूल रिकामे करा. तिला वेळ लागेल. एखादा स्क्रू घट्ट असेल. मागे उभे राहून उत्तर सांगू नका.